शाळा सुटल्यानंतर : युवककार्यातील प्रशिक्षणाचा प्रश्न



चेन्नईच्या उच्च न्यायालयाचे तांबडे मनोरे ज्या रस्त्यावरून दिसतात, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला वाय. एम. सी. ए. या संस्थेची जुनी दगडी इमारत उभी आहे. हा भाग जॉर्ज टाउनचा. जुन्या कागदपत्रांत त्याला ब्लॅक टाउन म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला आजचे नाव मिळाले. मद्रासमधील ही संस्था १८९० मध्ये डेव्हिड मॅकॉनॉही या अमेरिकन कार्यकर्त्याने स्थापन केली आणि फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वॉनामेकर यांच्या देणगीच्या आधारे उभारलेली ही इमारत १९०० मध्ये खुली झाली. १६ फेब्रुवारी १९१६ रोजी महात्मा गांधींनी आश्रमाच्या व्रतांविषयीचे आपले प्रसिद्ध भाषण याच संस्थेच्या सभागृहात केले. इमारतीच्या इतिहासात हा दिवस मानाचा खरा. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यानंतर चारच वर्षांनी तेथे घडलेली एक लहानशी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

ती गोष्ट सांगण्यापूर्वी तो परिसर डोळ्यांसमोर आणणे अवश्य आहे. जॉर्ज टाउन ही घाऊक बाजाराची वस्ती. गोडाउन स्ट्रीटवर कापड, अँडरसन स्ट्रीटवर कागद, मिंट स्ट्रीटच्या आसपास सोने-चांदी आणि मिठाई. १९९६ पर्यंत कोत्तवाल चावडीत साऱ्या शहराचा भाजीपाला येऊन पडत असे. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना चिकटलेली, तळमजल्यावर दुकान, वर गोदाम आणि त्याही वर कुटुंब. अशा वस्तीत शाळा सुटल्यावर मुलाने जावे कोठे? घरात बसायला जागा नाही, रस्त्यावर हातगाड्या आणि हमाल. रविवारी बाजार बंद असला म्हणजे दुकानांच्या मिटलेल्या दारांपुढे चेंडूफळीचे डाव रंगतात. परंतु आठवड्याचे बाकीचे दिवस दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ कोणाचाच नसतो. ज्याच्या वडिलांचे दुकान आहे तो मुलगा दुकानावर बसतो. ज्याचे आईबाप पदपथावर राहतात त्याला तेवढाही आसरा नाही. शिकवणी, क्रीडांगण, वाचनालय, मुलांचे मंडळ अशी जी जी व्यवस्था या वेळेसाठी निघाली, ती या पोकळीतून निघाली. आणि या व्यवस्थेला वेळोवेळी अपयश आले, ते बहुधा जागेच्या किंवा साधनांच्या अभावी नव्हे, तर तेथे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला आपण काय करावयाचे हे ठाऊक नसल्यामुळे आले.

त्या काळच्या शाळांमध्ये शारीरिक शिक्षण म्हणजे कवाईत अशी समजूत होती. हे काम सामान्यतः सैन्यातून निवृत्त झालेल्या हवालदाराकडे सोपविले जाई. तो प्रामाणिक असे, शिस्तीचा असे; पण त्याला मुले ही रांगेत उभी करण्याची वस्तू आहे एवढेच शिकविलेले असे. मुलांनाही त्याचा तास संपण्याची प्रतीक्षा असे. हॅरी क्रो बक हे अमेरिकन शिक्षक १९१९-२० च्या सुमारास मद्रासला आले, तेव्हा त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. स्वतः मैदानात उतरून मुलांना खेळविणे हा एक. तो त्यांना सोपा होता आणि त्यात तत्काळ कीर्तीही होती. दुसरा मार्ग म्हणजे खेळविणारी माणसे तयार करणे. त्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि १९२० मध्ये मूठभर विद्यार्थी घेऊन शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. तिचा आरंभ एस्प्लनेडवरील याच संस्थेच्या आश्रयाने झाला. पुढे ती अडयार नदीच्या काठी नंदनम येथे गेली व वाय. एम. सी. ए. कॉलेज ऑफ फिजिकल एज्युकेशन या नावाने साऱ्या आशिया खंडात ओळखली जाऊ लागली.

बक ज्या विद्यालयातून शिकून आले होते, त्या मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डची एक हकीकत येथे सविस्तर सांगण्याजोगी आहे. बास्केटबॉलचा जन्म म्हणून ती सर्वांना माहीत असते, परंतु तिचा खरा विषय प्रशिक्षण हा आहे. १८९१ च्या हिवाळ्यात त्या विद्यालयात अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. हे होते वाय. एम. सी. ए.चे भावी चिटणीस, म्हणजे पुढे जाऊन गावोगावच्या तरुणांची मंडळे चालविणारे लोक. बाहेर बर्फ, म्हणून त्यांना व्यायामशाळेत कवाईत व जिम्नॅस्टिक्स करावे लागे, आणि त्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले. तेव्हा विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांत बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास सांगितले.

नेस्मिथ यांनी प्रथम जे केले ते कोणताही सामान्य शिक्षक करतो. बाहेरचे खेळ त्यांनी आत आणून पाहिले. फुटबॉल आणला तर माणसे भिंतींवर आदळू लागली; लॅक्रॉस आणला तर काठ्यांनी हातपाय फुटण्याची वेळ आली. मुदत संपत आली. मग त्यांनी एक वेगळाच प्रश्न स्वतःला विचारला : माणसे एकमेकांना पाडतात ती कशासाठी? चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबविण्यासाठी. तर मग चेंडू घेऊन पळताच येऊ नये. चेंडू जोराने मारतात तो कशासाठी? लक्ष्य समोर उभे आहे म्हणून. तर मग लक्ष्य डोक्याच्या वर आडवे ठेवावे, म्हणजे चेंडू अलगद, कमानीने टाकावा लागेल. इमारतीच्या रखवालदाराने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या दहा फूट उंचीच्या सज्जाला ठोकल्या गेल्या, तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले गेले, आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळू लागले.

या हकीकतीत टोपल्यांपेक्षा तो प्रश्न मोलाचा आहे. वर्ग वाईट आहे, मुले द्वाड आहेत, असे म्हणून दोन शिक्षक निघून गेले. तिसऱ्याने मुलांकडे पाहण्याऐवजी आपण त्यांना काय करावयास लावतो आहोत, याकडे पाहिले. युवककार्याच्या प्रशिक्षणाचा हा पहिला पाठ म्हणावा लागेल, आणि तो पुस्तकातून देता येत नाही. आणखी एक गोष्टही विसरता कामा नये. गुलिक यांनी आपल्या तरुण सहकाऱ्याला उपदेश केला नाही; त्याला एक अवघड वर्ग दिला, एक मुदत दिली आणि प्रयोग फसण्याची मोकळीक दिली. हेच गुलिक पुढे १९०६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्रीडांगण संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. शहरातील मुलांना क्रीडांगण तर द्यावेच, पण त्यावर शिकलेला नेताही द्यावा, असा त्या चळवळीचा आग्रह होता.

बक यांनी हा आग्रह मद्रासला आणला, परंतु अमेरिकेचा साचा जसाच्या तसा येथे बसविला नाही, हे त्यांचे मोठेपण. पाश्चात्त्य खेळांबरोबर त्यांनी येथील खेळांनाही अभ्यासक्रमात स्थान दिले. महाराष्ट्रात ज्याला हुतुतू म्हणत आणि तमिळ मुलखात ज्याला चेडुगुडु म्हणतात, तो खेळ कोणत्याही गल्लीत, कोणत्याही साधनाविना, एका रेघेच्या आधारे खेळता येतो. अशा खेळांचे नियम लिहून निश्चित करणे हे वरवर पाहता कारकुनी काम वाटते. पण लिखित नियम नसला म्हणजे वादाचा निवाडा सर्वांत दांडगा मुलगा करतो, आणि लहान मुले दुसऱ्या दिवशी येत नाहीत. १९२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी गेलेल्या भारतीय चमूचे व्यवस्थापक म्हणून बक यांचे नाव क्रीडेच्या इतिहासात येते. १९४३ मध्ये मद्रासलाच त्यांचा अंत झाला. मधल्या वीस-बावीस वर्षांत जे शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले, ते पॅरिसच्या प्रवासाहून कितीतरी मोठे काम होते.

तथापि येथे एक शंका उपस्थित केली पाहिजे. शाळा बाजारपेठेतून उठून नदीकाठच्या विस्तीर्ण हिरवळीवर गेली, तेव्हा तिला धावण्याचे मार्ग आणि मैदाने मिळाली. परंतु गोडाउन स्ट्रीट मात्र हातून सुटला. भारतातील बहुतेक प्रशिक्षण संस्थांची हीच कथा आहे. विद्यार्थी आखलेल्या मैदानावर, मोजक्या संख्येच्या संघांबरोबर शिकतो आणि नोकरी लागते ती अशा जागी, जेथे आठ वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंतची साठ मुले एका अंगणात, एका चेंडूभोवती गोळा झालेली असतात, आणि त्यांतल्या दोघींच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. तेथे त्याचे प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. मग तो काय करतो? शिट्टी वाजवितो. हवालदार पुन्हा परत येतो.

या शंकेचे उत्तर शोधण्यास मद्रासहून मुंबईकडे वळावे लागते. मुंबईच्या नागपाडा वस्तीत १९२६ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे संचालक होते. वस्ती जॉर्ज टाउनसारखीच दाट, किंबहुना अधिक मिश्र. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू सारे एका चौकात. तेथे मुलांची मंडळे, वाचनालय, खेळ, व्याख्याने असे सर्व चालू झाले. कामाचा व्याप वाढला तशी एक अडचण स्पष्ट झाली : सद्भावना असलेली माणसे मिळत होती, शिकलेली मिळत नव्हती. त्यातूनच समाजकार्याच्या पदव्युत्तर शाळेची कल्पना पुढे आली आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने ती शाळा नागपाड्यातच, त्याच घरात उघडली. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून जिचा लौकिक आहे ती हीच. वर्ग वरच्या खोलीत आणि वस्ती जिन्याखाली, अशी ही व्यवस्था होती. सकाळी जे ऐकले त्याची परीक्षा संध्याकाळी तेथील मुले घेत. ही संस्थाही यथाकाळ देवनारला गेली. परंतु नागपाड्यात बास्केटबॉल मागे राहिला. त्या लहानशा चौकातून देशाच्या संघात खेळणारे खेळाडू निघाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसिर हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. स्प्रिंगफील्डच्या कंटाळलेल्या वर्गासाठी शोधलेला खेळ अडचणीच्या वस्तीला इतका मानवावा, यात नवल नाही. तो मुळी अडचणीच्या जागेसाठीच घडविला होता.

मद्रासमध्ये समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया १९५२ मध्ये मेरी क्लबवाला जाधव यांनी घातला. निलगिरीतील उटकमंड येथे पारशी कुटुंबात जन्मलेल्या आणि सैन्यातील एका मराठी अधिकाऱ्याशी विवाह झालेल्या या बाईंनी गिल्ड ऑफ सर्व्हिस या संस्थेच्या कामातून हाच अनुभव घेतला होता. महाराष्ट्रात १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने आणखी वेगळी वाट चोखाळली. तेथे संध्याकाळच्या शाखेचा नायक हा मुलांहून चार-दोन वर्षांनीच मोठा असे, आणि तो शिबिरात शिकून पुन्हा आपल्याच शाखेवर जाई. या पद्धतीत शास्त्र कमी असेल, पण शिकण्याची जागा आणि काम करण्याची जागा यांत अंतर नव्हते.

आता प्रश्न असा की, संध्याकाळच्या एखाद्या केंद्राची गुणवत्ता म्हणजे नेमके काय? हजेरीपटावरील संख्या ही गुणवत्ता नव्हे, आणि वार्षिक संमेलनातील नाटकही नव्हे. जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील शाळेनंतरच्या सुमारे सत्तर उपक्रमांच्या अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा निष्कर्ष मोठा बोलका निघाला. ज्या उपक्रमांत कौशल्ये पायरीपायरीने शिकविली जात, मुले स्वतः कृती करीत, त्यासाठी वेळ राखून ठेवलेला असे आणि काय शिकावयाचे आहे हे स्पष्ट असे, त्यांचा मुलांच्या वागण्यावर व अभ्यासावर चांगला परिणाम दिसला. या चार गोष्टी जेथे नव्हत्या तेथे सांगण्यासारखा परिणामच दिसला नाही. म्हणजे मुलांना नुसते एकत्र कोंडून ठेवणे आणि त्यांना घडविणे यांत जो फरक आहे, तो शिक्षकाच्या हातात आहे.

हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. समजा, जॉर्ज टाउनमधील एखाद्या गच्चीवर तीस मुले जमली आहेत. संघ पाडावयाचे आहेत. शिक्षक दोन दांडग्या मुलांना पुढारी करतो आणि त्यांनी एकेक गडी निवडावा असे सांगतो. हा प्रकार सर्वत्र चालतो, म्हणून त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण शेवटी उरलेल्या मुलाकडे पाहावे. रोज संध्याकाळी, साऱ्यांच्या देखत, त्याला तो कोणाला नको आहे हे सांगितले जाते. पंधरा दिवसांनी तो येईनासा होतो आणि शिक्षक वहीत ‘गैरहजर’ लिहितो. तेच संघ एक-दोन, एक-दोन असे अंक मोजून पाडले असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. किंवा एखादी मुलगी चित्र काढून दाखविते. ‘छान’ असे म्हणून शिक्षिका पुढे जाते. ‘ही होडी कुठे निघाली आहे?’ असे तिने विचारले असते तर मुलगी बोलू लागली असती. या गोष्टी क्षुल्लक आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एक संध्याकाळ कोपऱ्यात बसून त्या मोजाव्यात.

प्रशिक्षणाचे खरे काम येथे सुरू होते. व्याख्यान ऐकून कोणी संघ पाडण्याची रीत बदलत नाही. ती सवय असते, आणि सवय दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दिसत नाही. यास्तव केंद्राच्या प्रमुखाने अर्धा तास वही घेऊन बसावे आणि केवळ जे घडले तेच लिहावे. ‘शिक्षिका प्रेमळ आहे’ हे निरीक्षण नव्हे. ‘शिक्षिकेने वीस मिनिटांत चार मुलांना नावाने हाक मारली, बाकीच्यांना नाही’ हे निरीक्षण. मग दोघांनी ती वही समोर ठेवून एक किंवा दोनच बदल ठरवावेत आणि महिन्याने पुन्हा पाहावे. अमेरिकेत नेमकी हीच पद्धत पाच संघटनांच्या ८७ केंद्रांमध्ये परीक्षेस लावण्यात आली. काही केंद्रांना ती दिली, काहींना दिली नाही, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे प्रमुखांना निरीक्षण करण्याचे व सुधारणेची योजना आखण्याचे शिक्षण मिळाले, तेथे मुलांशी होणारे काम सुधारले. त्याचबरोबर तेथील कर्मचारी अधिक काळ टिकून राहिले. ज्याला आपल्या कामात वाढ दिसते तो काम सोडून जाण्याची घाई करीत नाही, असा याचा अर्थ लावता येईल.

निरीक्षणाच्या वहीचा एक धोका मात्र आहे, आणि भारतीय कचेऱ्यांची रीत जाणणाऱ्यास तो सांगावयास नको. वही वरिष्ठाकडे गेली की ती गोपनीय अहवाल होते. मग कोणी खरे लिहीत नाही आणि कोणी खरे वागून दाखवीतही नाही; निरीक्षक आला की शिक्षिका साऱ्या मुलांना नावाने हाका मारू लागते. म्हणून या वहीचा पगाराशी, बढतीशी अगर बदलीशी संबंध असता कामा नये. हा नियम जेथे पाळला जात नाही तेथे ही पद्धत सुरूच करू नये, हे बरे.

तमिळनाडूने या विषयातला सर्वांत मोठा अलीकडचा प्रयोग २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केला. साथीच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या आणि मुलांचे शिकणे मागे पडले. तेव्हा ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे घराच्या दारी शिक्षण, या योजनेखाली वस्तीवस्तीतून स्वयंसेवक निवडण्यात आले. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. संख्या दोन लाखांच्या घरात गेली. त्यांना थोडक्यात प्रशिक्षण व मासिक एक हजार रुपये मानधन देऊन रोज संध्याकाळी तास-दीड तास पहिली ते आठवीच्या मुलांना शिकविण्यास सांगितले गेले. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत मुलांनी गमावलेल्या शिक्षणापैकी सुमारे दोनतृतीयांश भाग भरून निघाला, आणि या भरपाईचा जवळपास चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांमुळे होता, असे अर्थशास्त्रज्ञांच्या एका पाहणीत आढळले. शेजारच्याच घरातील, मुलांना नावानिशी ओळखणारी बाई, हे या योजनेचे बळ होते.

मात्र मासिक एक हजार रुपयांत एखादी बाई किती वर्षे हे काम करील? पहिल्या वर्षी उत्साह असतो. दुसऱ्या वर्षी तिला अनुभव येतो, म्हणजे ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागते. आणि तिसऱ्या वर्षी तिला कापडाच्या दुकानात हिशेबाची नोकरी मिळते, तेव्हा तिच्यावर झालेला प्रशिक्षणाचा खर्च तिच्याबरोबर निघून जातो. मानधन ठरविणाऱ्या समित्यांमध्ये प्रशिक्षणाचा प्रश्न आणि वेतनाचा प्रश्न निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या कागदांवर येतात. ते एकाच बैठकीत, एकाच कागदावर आणणे ही पहिली गरज आहे. एस्प्लनेडवरील त्या शाळेतून निघालेला विद्यार्थी शिक्षक म्हणून शाळेच्या पटावर कायम होई, त्याला महिन्याचा पगार मिळे. गच्चीवर तीस मुले सांभाळणाऱ्या बाईचे नाव अद्याप कोणत्याच पटावर नाही.